उसन्या स्वप्नांचा फाल्गुन

फाल्गुन लागला की लातूर एकदम गप्प होतं. एरवी दिवसभर कलकलाट करणारं हे गाव. पण परीक्षा जवळ आल्या की क्लासच्या गल्ल्यांतून पोरं नुसते ओठ हलवत चालतात, आवाज काढत नाहीत. माझ्या घरासमोर मुलींचं वसतिगृह आहे. सकाळी त्याच्या गच्चीवर मुली हातात पुस्तक धरून येरझाऱ्या घालतात. शेजारच्या कडुनिंबाची पानगळ चालू असते. पिवळी पानं त्यांच्या उघड्या पुस्तकात पडतात, त्या न बघताच झटकतात आणि पुढं चालू लागतात. मी खिडकीत बसून बघते. सगळी नोकरी मी गणित शिकवलं, त्यामुळं हा हंगाम अंगात मुरलेला आहे. निवृत्त झाले तरी एखाद्या सकाळी पर्यवेक्षणाला उशीर झाला म्हणून धडपडत उठते, साडीच्या निऱ्या हातात घेते, आणि मग आठवतं की कुठंच जायचं नाही.

गावाबाहेर पडलं की करडी पिकलेली दिसते. केशरी फुलं वाळून काळपट झालेली, पानापानाला काटा. करडी काढायची ती उजाडायच्या आत, दवानं काटे मऊ असताना. ऊन चढलं की ती कुणाला हात लावू देत नाही. बायका हाताला फडकी गुंडाळून पिकात उतरतात आणि एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. बसमधून जाताना असं एखादं रान दिसलं, की मला नांदेडची ती खोली आठवते. पुढची खोली, खिडकीला लावलेली जुनी चादर, टर्पेंटाइनचा वास, आणि खुर्चीवर पाय ठेवून बसलेली मी.

माझे यजमान चित्रकार होते. नांदेडला एका खासगी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मला लातुरात ज्युनिअर कॉलेजात कायम जागा मिळाली, त्यांना नांदेडला. दोन्ही संस्था खासगी, त्यामुळं बदलीचा प्रश्नच नव्हता. दोघांपैकी एकानं नोकरी सोडावी असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी कुणीच सोडायचं नाही. मग शनिवारी दुपारी मी एसटीत बसायचे. अहमदपूर, लोहा करत दिवेलागणीला नांदेड यायचं. रविवारचा दिवस त्यांचे शर्ट धुण्यात आणि शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवण्यात जायचा, की सोमवारी पहाटे परत. आमचा संसार असा एसटीच्या वेळापत्रकावर चालला.

त्यांची चित्रं कुणाला फारशी कळायची नाहीत. एका स्थानिक पेपरानं त्यांच्यावर चार ओळी छापल्या तेव्हा 'अतिवास्तववादी चित्रकार' असा शब्द वापरला होता. शेजारचे एक निवृत्त तलाठी तो वाचून म्हणाले, "सर, अति तर दिसतंय. वास्तव कुठंय?" हे मनापासून हसले. त्यांना कुणी चेष्टा केलेली आवडायची, कारण चेष्टा करायला तरी माणूस चित्रापुढं थांबतो, असं म्हणायचे.

पण त्या चित्रांमागची खरी गोष्ट पेपरवाल्यांना माहीत नव्हती. ती चित्रं बायकांची होती. म्हणजे बायकांना समोर बसवून काढलेली नव्हेत. त्यांना पडलेल्या स्वप्नांची होती.

याची सुरुवात माझ्यापासून झाली होती. लग्न नवं होतं, तेव्हा काही महिने मी बिनपगारी रजा घेऊन नांदेडला राहिले होते. सकाळी चहा घेताना ते विचारायचे, "काय पडलं आज?" मला तेव्हा रोज स्वप्नं पडायची आणि मी ती हातवारे करून सांगायचे. एकदा मी सांगितलं, फळ्यावरचे आकडे मुंग्या होऊन भिंतीवरून खाली उतरले आणि रांगेनं स्वयंपाकघरात गेले. शेवटचा शून्य मात्र वाट चुकला. त्यांनी त्याचं चित्र काढलं. माझे वडील ते बघून गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, साखरेचा डबा झाकून ठेवत जा." त्या वर्षी त्यांनी माझी कितीतरी स्वप्नं काढली. मला वाटायचं, आपण झोपतो ते एका माणसाला काम पुरवायला. त्या वाटण्यात केवढं सुख होतं.

मग एक वर्ष असं आलं की मी सांगणं बंद केलं. का, ते पुढं येईलच. त्यांनी एका सकाळी नेहमीसारखं विचारलं, मी म्हणाले, "काही नाही." त्यानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही.

मला नाही, पण दुसऱ्या बायकांना ते विचारू लागले. शाळेतल्या शिपाईणबाईंना, शेजारणींना, रक्त तपासायला आलेल्या मुलीला. आधी लोकांना विचित्र वाटलं. पण त्यांचा स्वभाव इतका साधा होता, आणि ते असे कान देऊन ऐकायचे, की हळूहळू बायका आपण होऊन यायला लागल्या. कुणी दळण टाकायला जाता जाता, कुणी भाजी घेऊन जाता जाता. दार उघडंच असायचं. मला हे ठाऊक होतं. पण रविवारी कुणी येत नसे, त्यामुळं मी ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते त्या फाल्गुनात. कॉलेजच्या पायऱ्यांवरून घसरून माझा घोटा मोडला. प्लास्टर घातलं. लातुरात एकटीनं राहणं जमेना, म्हणून ऐन परीक्षेत रजा टाकून मी नांदेडला आले. लग्नानंतरच्या त्या महिन्यांनंतर पहिल्यांदाच आम्ही सलग एका घरात राहिलो. नांदेडला होळीच्या सुमारास शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीची गर्दी असते. गल्लीतून निळ्या पगड्यांचे यात्रेकरू जायचे, सकाळी गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन ऐकू यायचं. मी आतल्या खोलीत, दाराजवळ, पाय वर करून. मध्ये नुसता एक पडदा.

पहिल्यांदा आली ती रजनी. सरकारी दवाखान्यात नर्स, तिशीची, चेहऱ्यावर कायम अर्धी झोप. घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाचा फोटो, आणि त्यांच्याखाली झोपलेली म्हातारी आई, एवढाच तिचा संसार. रात्रपाळी असल्यानं ती दिवसा झोपायची.

"सर, वॉर्डातल्या खाटा गोदावरीत सोडल्यात," ती बसता बसताच म्हणाली. "पेशंटसकट. आणि मी पाण्यावरून चालून राहिले, सगळ्यांचं टेंपरेचर घेत."

"पाणी गार होतं का?" यांचा आवाज.

"पायाला लागलंच नाही."

"खाटा कुठं निघाल्या होत्या?"

रजनीनं एक जांभई दाबली. मग म्हणाली, "घरी असतील. ते सगळे घरीच जातो म्हणतात ना."

  यांचा तो विचारतानाचा आवाज माझ्या ओळखीचा होता. पाणी गार होतं का. वारा कुठून येत होता. रंग आठवतो का. एकेकाळी मला विचारलेले प्रश्न. अलीकडं त्यांनी मला विचारलं होतं ते दूध नासलं का, एवढंच. मला रजनीचा राग आला नाही. बिचारी सगळी रात्र दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहायची, तिलाही कुणीतरी कान द्यायला हवाच होता. राग कुणाचाच आला नाही. आपण आपल्याच घरात पाहुणे आहोत, एवढंच कळलं.

आणि मग गयामावशी आल्या.

गयामावशी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातल्या. साठी ओलांडलेल्या, हाडानं काटक, नऊवारी नेसणाऱ्या. स्वतःचं रान, विहीर, दोन म्हशी. मुलगा नांदेडला नोकरीला, सून पण नोकरीला, नात दहावीला. नातीच्या परीक्षेपुरतं घर सांभाळायला म्हणून मुलानं त्यांना आणलं होतं. आमच्या समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. सकाळी सगळी बाहेर पडली की त्या दार लावून खाली यायच्या आणि आमच्या ओट्यावर बसायच्या. लिफ्टमध्ये एकटीनं बसायला भ्यायच्या, चार जिने उतरून यायच्या.

"मास्तर," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मला बी सपान पडलंय. पर त्येला काय अर्थ न्हाई."

"अर्थ नकोच मावशी. नुसतं सांगा."

"आमची म्हस लिफ्टमदी हुबी. शिंगानं बटन दाबून राहिली. पर लिफ्ट काय वर यीना."

हे हसले नाहीत. "तुम्ही कुठं होता?"

"वर. दार उघडून वाट बघून राहिले. म्हनलं, धार काढायची येळ झाली."

त्या चित्रावर मग यांनी आठवडाभर काम केलं. लिफ्टमधली म्हैस, तिच्या डोळ्यांत पिवळा दिवा, आणि वर, कुठंतरी फार वर, एका उजळ चौकटीत बोटाएवढी बाई. मी पाय ओढत बाहेर येऊन ते पाहिलं. मला त्या बोटाएवढ्या बाईवरून नजर काढवेना.

मावशींचं आणि माझं जुळलं ते चित्रांमुळं नव्हे. हे शाळेत गेले की त्या आत माझ्याजवळ येऊन बसायच्या. मी वांगी चिरायचे, त्या लसूण सोलायच्या. त्यांना बोलायला माणूस हवं होतं आणि मला बोलणारं. गावाकडं करडी काढणीला आलेली, आणि आपण इथं फरशीवर, याचा त्यांना जाच व्हायचा. "पहाटं जाग येती बाई. हात आपसूक फडकं हुडकत्यात. मग ध्यानात येतं, हितं काय काढायचं? नळ?" असं म्हणून त्या हसायच्या, आणि हसणं संपायच्या आत डोळे पुसायच्या.

त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, तुम्हाला लेकरं किती. खेड्यातली बाई पहिल्यांदा तेच विचारते. त्यांनी घरभर एकदा नजर फिरवली होती, तेवढंच.

होळी होऊन गेली होती. रविवार होता, म्हणून हे घरी होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट माझ्या प्लास्टरवर पडला होता. मावशी आल्या, नेहमीसारख्या ओट्यावर न बसता आत आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि यांच्याकडं वळल्या.

"मास्तर, आज तुमची बाई आल्ती सपनात."

हे ब्रश पुसत होते. "सांगा की."

"आमचं रान हुतं. करडी काढून झाल्याली, काळं रान उघडं. भेगा पडलेल्या, ही एवढाल्या. बाई तिथं पालथी पडलीया आन् एका भेगंत हात घातलाय. ह्यो खांद्यापतोर. म्या म्हनलं, बाई, काय पडलं? तर म्हनती, काई न्हाई. म्हनलं, मग काय हुडकून राहिलात? तरी म्हनती, काई न्हाई. पर हात काय भाईर काढीना. वरून ऊन तापलेलं. म्या सावलीला पदर धरला तर माजा पदर काय तितवर पुरंना."

त्या थांबल्या. "आसं," म्हणाल्या. "येवढंच."

यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ऊन कुठून येत होतं, माती गार होती का, काही नाही. हातातलं फडकं खाली पडलं ते तसंच राहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडं. मावशींना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि चपला घालून निघून गेल्या.

आता ते सांगायला हवं.

आम्हाला एक मुलगी झाली होती. झाली म्हणजे सातव्या महिन्यात, आणि श्वास न घेता. तेव्हाही परीक्षाच होत्या. पर्यवेक्षण करताना वर्गातच माझ्या पोटात कळ आली. दवाखान्यात नेलं, भूल दिली. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. आई म्हणाली, "बघितलं नाहीस ते बरं झालं. माया लागली असती." यांना निरोप पोचून, बस मिळून, नांदेडहून ते येईपर्यंत दुपार कलली. तोवर माझ्या भावानं तिला आमच्या माहेरच्या शेतात, बांधाच्या कडेला, मातीत ठेवलं होतं. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. म्हणजे तिला आईनं पाहिलं नाही आणि बापानंही पाहिलं नाही.

हे खाटेच्या कडेला बसले होते. माझा हात हातात घेतला होता. मी भिंतीकडं तोंड केलं होतं. तेव्हा आम्ही बोललो असतो तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण खोलीत माणसं होती, नंतर बसची वेळ झाली, नंतर कॉलेज सुरू झालं. पुन्हा मूल राहिलं नाही. तिच्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. घरात एखादं जड कपाट असावं आणि दोघांनी त्याला वळसा घालून चालायची सवय करून घ्यावी, तसं झालं होतं.

मावशींना यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. मी पुन्हा पुन्हा विचार केला. त्यांना ते दिसलं कसं? आता वाटतं, त्यात काही चमत्कार नव्हता. माझ्याशेजारी बसून तेवढे दिवस लसूण सोलताना त्यांनी मला नीट पाहिलं होतं, बाकी काही नाही. कुणीतरी नीट पाहिलं की आपण त्याच्या स्वप्नात जात असू.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता. हे शाळेतून यायचे, ईझलवर कोरा कॅनव्हास लावायचे आणि त्याच्याकडं पाठ करून जुन्या चित्रांना कुठं कुठं हात लावत बसायचे. रजनी एकदा येऊन गेली. तिला त्यांनी दारातूनच सांगितलं, "आज नको, बाळ." ती माझ्याकडं बघून गेली.

एका दुपारी मीच विचारलं. ते मोरीत ब्रश धूत होते, पाठमोरे.

"मावशींचं स्वप्न काढणार नाही का?"

"कसं काढू?"

"बाकीची काढता तशी."

"बाकीची माझी नव्हती."

नळ चालूच होता. तो त्यांनी बंद केला, ओले हात तसेच घेऊन माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले. त्यांच्या नखांत निळा रंग होता.

"तुला काय वाटतं, मी बायकांना स्वप्नं का विचारतो?"

"चित्रांसाठी. दुसरं काय?"

"मला पडत नाहीत म्हणून," ते म्हणाले. "त्या दिवसापासून एक पडलं नाही. डोळे मिटले की नुसता अंधार, आणि मग सकाळ. आधी वाटलं, जाईल हे. मग तू सांगेनाशी झालीस. मग मी दारोदार उसनी मागत सुटलो."

त्या दिवसापासून, असं ते म्हणाले. कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत तो दिवस आमच्या बोलण्यात पहिल्यांदाच आला होता.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," मी म्हणाले.

"मी जातो तिथं," ते म्हणाले. "दर वर्षी. तुझ्या भावालाही माहीत नाही. करडी निघाली की जातो. रान मोकळं असतं, कुणी हटकत नाही. बांधावर बसतो थोडा वेळ आणि येतो."

"जागा कळते?"

"नाही. भावानं ट्रॅक्टर फिरवला, तेव्हापासून कळत नाही."

मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. मी म्हणाले, "मला का नाही नेलंत?" ते म्हणाले, "तू भिंतीकडं तोंड केलं होतंस." ते तक्रारीनं म्हणाले नाहीत.  एवढ्या वर्षांपूर्वीची ती पाठ त्यांना अजून दिसत होती, आणि ती माझी होती. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. ते उठले, मला चहा करून आणला, त्यात साखर घालायची विसरले. मी तो तसाच प्याले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चित्राला हात घातला. त्यांनी पडदा सरकवला आणि माझी खुर्ची बाहेर आणून ठेवली. काम करताना त्यांना कुणी समोर बसलेलं चालायचं नाही, पण त्यांनी मला बसू दिलं. मी त्यांना इतक्या जवळून चित्र काढताना आधी कधी पाहिलं नव्हतं. कपाळाला आठी, तोंडात दुसरा ब्रश, आणि मधूनच दोन पावलं मागं जाऊन मान तिरकी करणं. काळ्या मातीसाठी त्यांनी काळा रंग वापरलाच नाही. निळा, किरमिजी, थोडा हिरवा असं घोटत घोटत ते त्या काळेपणापर्यंत पोचले. भेगा मात्र उजळ काढल्या. जणू उजेड जमिनीखाली आहे आणि फटींतून वर येतोय.

नातीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मावशी निरोप घ्यायला आल्या. त्यांच्या अंगावर नवं लुगडं होतं आणि चेहरा उजळला होता. म्हशींची नावं घेऊन बोलत होत्या. करडी सालगड्यानं काढली होती, आता ती बडवायला तरी आपण असू याचा त्यांना कोण आनंद. हे म्हणाले, "मावशी, तुमचं स्वप्न झालंय. बघून जा."

त्या चित्रापुढं उभ्या राहिल्या. मोठं उघडं रान. त्यात पालथी पडलेली बाई, एक हात खांद्यापर्यंत भेगेत. तिचा चेहरा मातीकडं. लांब बांधावर पदर पसरून उभी असलेली दुसरी बाई, आणि तो पदर वाऱ्यानं लांबलेला, तरी अपुरा. आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला एक पुरुष. तोही पालथा, त्याचाही हात एका भेगेत खांद्यापर्यंत. दोघांची तोंडं दोन दिशांना.

मावशींनी बराच वेळ पाहिलं. मग बोट दाखवून म्हणाल्या, "मास्तर, ह्यो गडी कोन? माज्या सपनात गडी नव्हता."

"होता, मावशी," हे म्हणाले. "तुम्हाला दिसला नसेल."

मावशींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.  पिशवीतून करडीच्या तेलाची बाटली काढली, माझ्या मांडीवर ठेवली. "पायाला लावा," म्हणाल्या, "पलास्टर निघालं की." गल्लीतून त्यांच्या चपलांचा आवाज जाईपर्यंत आम्ही तिथंच होतो. पुढं एकदोनदा फोन झाले. मग नंबर बदलला की काय, लागेनासा झाला.

संध्याकाळी यांनी विचारलं, "याला नाव काय द्यायचं?" त्यांच्या प्रत्येक चित्राला नाव असायचं, आणि ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. आजवर त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "तुम्हीच द्या."

 "मी तिला वेणू म्हणतो," ते म्हणाले. "मनात. पहिल्यापासून."

 मीही तिला नाव ठेवलं होतं. कॉलेजच्या हजेरीत ते नाव आलं की माझा आवाज थोडा खाली जायचा. मुलींना वाटायचं, बाई दमल्या.

"मी रेवा म्हणते," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले, आणि हसताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. इतकी वर्षं एकाच लेकीला आम्ही दोन नावांनी हाका मारत होतो. एक जण नांदेडला, एक जण लातूरला. पोर तरी कुणाला ओ देणार?

त्यांनी चित्र उलटं केलं आणि मागं दोन्ही नावं लिहिली. एकाखाली एक.

यानंतर आमचं सगळं सुरळीत झालं असं नाही. प्लास्टर निघालं, मी लातूरला परतले, शनिवारच्या बस चालू राहिल्या. आम्ही काही फार बोलणारी माणसं झालो नाही. पण पुढच्या फाल्गुनात आम्ही दोघं मिळून माझ्या माहेरच्या त्या बांधावर गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. शेजारी शेजारी बसायचो. एखादा टिटवीसारखा पक्षी ओरडायचा. घरून निघताना ते म्हणायचे, "चल, वेणू वाट बघेल," आणि मग चूक सुधारल्यासारखं, "रेवा." मी म्हणायचे, असू द्या. असे दोनच फाल्गुन मिळाले आणि ते वारले. शाळेतून येऊन खुर्चीवर बसले होते, चपला पायातच होत्या. या वेळी बस मिळून पोचायला मला उशीर झाला.

चित्र आता माझ्याकडं, लातूरच्या घरात आहे. तोंड भिंतीकडं करून ठेवलेलं असतं, म्हणजे येता जाता नावं दिसतात. या वर्षी बांधावर एकटीच गेले होते. करडी निघाली होती, रान मोकळं होतं, भेगा पडायला लागल्या होत्या. लांब कुणी नव्हतं म्हणून मी मोठ्यानं हाक मारली. दोन्ही नावांनी. आधी त्यांची वेणू, मग माझी रेवा.